आमच्या बीटचा शिपाई आम्हाला परत द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस संपले होते आणि आम्ही पावसाची वाट बघत होतो. सकाळी साडेसातच्या सुमारास शेजारची वहिनी माझ्या पडवीत आली. हातात स्टीलचा डबा होता. फणसाची भाजी घेऊन आली असेल असे मला वाटले. तिने आधी मागे वळून रस्त्याकडे पाहिले, मग डबा माझ्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पोलिसांत होता. हे काय आहे ते बघून सांगा."

डब्यात प्लास्टिकच्या तीन लहान पुड्या होत्या. वरची पट्टी दाबून बंद करायची असते तशा. सोनार कानातले वगैरे ठेवायला देतो ना, अगदी तशाच. दोन रिकाम्या होत्या. तिसरीत चिमूटभर हिरवट-तपकिरी पाला आणि दोन बिया. मुलाची जीन्स धुवायला घेताना तिने खिसे उलटे केले होते, त्यात त्या सापडल्या. मुलगा 19 वर्षांचा, आयटीआयला जाणारा. लहानपणी माझ्याच अंगणात खेळला आहे. मी डबा नाकाजवळ नेला, पण त्याची गरज नव्हती. हा वास मी 35 वर्षे ओळखतो.

मी तिला सांगितले, "गांजा आहे." ती काही बोलली नाही. डब्याचे झाकण लावायचा प्रयत्न करत राहिली, ते काही केल्या बसेना. शेवटी मीच लावून दिले. मग तिने विचारले, "मामा, हें हांवें कोणाक सांगचें?" एरवी मला भाऊजी म्हणणारी ती बाई त्या घडीला मुलगा मला ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने बोलली, आणि तेही आपल्या घरच्या बोलीत. तिच्या त्या प्रश्नासाठीच मी हे पत्र लिहीत आहे. गावातल्या आईने हे कोणाला सांगावे, याचे सरळ उत्तर आज आमच्या सत्तरी तालुक्यात नाही.

मी कोण ते सांगतो. मी 1986 साली पोलिसांत भरती झालो. तेव्हा गोवा, दमण व दीव असा केंद्रशासित प्रदेश होता. अमली पदार्थांचा कायदा, ज्याला आम्ही सगळे एनडीपीएस म्हणतो, तो 1985 चा. म्हणजे माझी आणि त्या कायद्याची नोकरी जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. वाळपईच्या प्रशिक्षण केंद्रात कवायत केली, किनारपट्टीवर बरीच वर्षे काढली, शेवटची वर्षे आपल्याच तालुक्यात मिळाली आणि 2021 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. किनाऱ्यावर असताना आम्ही समजत होतो की हा प्रकार वाळूवरचा आहे, पार्ट्यांचा आहे, परदेशी पाहुण्यांचा आहे. रजेवर घरी आलो की वाटायचे, बरे झाले, आपला गाव यापासून लांब आहे. त्या भ्रमात मी एकटा नव्हतो. वरपासून खालपर्यंत सगळे खाते त्याच भ्रमात होते. माणसे, गाड्या आणि लक्ष सगळे किनाऱ्याकडे गेले, आणि आतले तालुके शांत आहेत असे धरून चालले गेले.

त्या दिवशी वहिनी गेल्यावर मी पोलीस स्थानकाला फोन केला. कोणत्या स्थानकाला ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार एखाद्या माणसावर नाही. पुड्या कुठून येतात हे मला तोपर्यंत साधारण कळले होते. बंद पडलेल्या एका गॅरेजच्या मागे संध्याकाळी साडेसहानंतर दोन स्कूटर लागतात, हे आमच्या वाडीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. पलीकडून उत्तर आले, "गाडी बंदोबस्ताला गेली आहे. तुम्ही लेखी द्या, नाव-पत्ता घालून." मी म्हटले, मी स्वतः खात्यातला माणूस, माहिती म्हणून नोंद करा. "बघतो," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहाच्या गाड्यावर उभा होतो. एक ओळखीचा तरुण स्कूटरवरून आला, इंजिन चालूच ठेवले आणि हसत म्हणाला, "मामा, रिटायर झाल्यावर माणसाने आराम करायचा असतो." एवढेच. भजी बांधून घेतली आणि गेला. शिवी नाही, धमकी नाही. पण माझा फोन कुठे पोचला ते मला कळले. मी 35 वर्षे खाकी घातलेला माणूस, आणि त्या रात्री मी मागच्या दाराची कडी दोनदा तपासली. मग ज्या घरात पुरुष पिकअप चालवायला बाहेर असतो, सासू अंथरुणाला खिळलेली आहे, त्या घरातल्या बाईने कोणाच्या भरवशावर तोंड उघडायचे?

लोक म्हणतात, गावाला सगळे माहीत असते तर गाव बोलत का नाही. गाव बोलते, पण कोणाशी बोलायचे हे ठरवूनच बोलते. मी नोकरीच्या सुरुवातीला बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या गावांच्या गस्तीवर, असताना माझ्याकडे तीन पंचायती होत्या. आधी सायकल, नंतर माझी स्वतःची स्कूटर. बीट बुकात सही घ्यायला देवळाच्या पेळेवर, शाळेत, भुसारी दुकानात, काजूच्या भट्टीवर जायचो. काम सहीचे, पण खरे काम बसण्याचे. शिगम्याला मांडावर उभा असायचो, सप्ताहाला भजन ऐकायचो, कोणाच्या बागायतीत पाण्यावरून भांडण झाले तर तक्रार होण्याआधी मला कळायचे. लोकांनी मला बातमी दिली ती शिपाई म्हणून कधीच नाही. त्यांना एवढे ठाऊक होते की हा पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे आणि आपले नाव ह्याच्या पोटात राहते. हा विश्वास बसायला मला पहिले वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी कामे झाली.

आज बीट कागदावर आहे. शिपायाची बदली दोन शिगमे बघण्याआधी होते. असतो तोही अर्धा वेळ बाहेर. नोव्हेंबरात पणजीचा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात किनाऱ्यावर नाताळ आणि नववर्ष, मध्येच कोणाचा दौरा, कुठे मोर्चा. 2024 च्या नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन होते, तेव्हा लाखो भाविकांसाठी बंदोबस्त लागला, तो लागणारच. पण प्रत्येक वेळी माणसे आतल्या तालुक्यांतून उचलली जातात आणि मागे राहिलेल्यांनी स्टेशन डायरी, वायरलेस, चेकनाका, अपघात, समन्स आणि शवविच्छेदन सांभाळायचे. पुड्या विकणाऱ्याला आमच्या बंदोबस्ताचे वेळापत्रक तोंडपाठ असते.

सीमा ओलांडून दोडामार्गाकडे गेले की प्रत्येक गावाला पोलीस पाटील आहे. महाराष्ट्रात 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याला कामे नेमून दिलेली आहेत. सगळेच पाटील चांगले असतात असे मी म्हणणार नाही, पण गाव आणि ठाणे यांच्यामध्ये एक माणूस आहे, त्याला मानधन आहे, त्याला विचारता येते. आमच्याकडे पोर्तुगीज काळात रेजिदोर हा गावचा सरकारी माणूस होता, त्याच्या चांगल्यावाईट आठवणी माझे वडील सांगायचे. तो गेला आणि त्या जागी कोणी आलेच नाही. बीटचा शिपाई हाच आमचा दुवा होता, तोही आम्ही बंदोबस्ताला दिला.

आता पोलिसांच्या बाजूनेही सांगतो, कारण वर्तमानपत्रात "पोलीस काय झोपा काढतात?" असे वाचले की माझ्या जिवाला लागते. एनडीपीएसची धाड म्हणजे मारामारी सोडवणे नव्हे. माहिती मिळाली की ती आधी लिहून काढायची, 72 तासांत तिची प्रत वरिष्ठांकडे पोचवायची. संशयिताच्या अंगझडतीपूर्वी त्याला सांगायचे की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. त्याने हो म्हटले तर रात्री अकरा वाजता तो अधिकारी शोधायचा. दोन पंच शोधायचे. वजन करायचे, पाकीट करायचे, लाख लावून मोहोर उठवायची, आणि जुलैच्या पावसात आडोशाला काडी पेटत नाही तेव्हा ती लाख वितळवून दाखवायची. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. यातली एक पायरी चुकली की चार वर्षांनी कोर्टात आरोपीचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून हे भोगले आहे. माल खरा होता, माणूस खरा होता, आणि वेळेची एक नोंद चुकली म्हणून आरोपी माझ्यासमोरून हसत बाहेर गेला.

पंचांचे तर बोलूच नका. गोव्यात पंच म्हटले की आधी पंचायतीचा सदस्य डोळ्यांसमोर येतो. पण हा दुसरा पंच, पंचनाम्यावर सही करणारा, तो आजकाल मिळत नाही. रोजंदारीवरचा माणूस एकदा सही करतो आणि मग वर्षानुवर्षे समन्स घेत फिरतो. कोर्टात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तारीख पुढे ढकलली की दुसऱ्या दिवसाचीही बुडाली. आणि आरोपी त्याच्याच वाड्यावरचा. शेवटी तो फितूर होतो, त्यात मला त्याचा दोष दिसत नाही. मायबाप सरकारने पंचाला त्याच्या खऱ्या मजुरीइतका भत्ता द्यावा, जाण्या-येण्याची सोय करावी, आणि त्याची साक्ष एका तारखेत संपवावी. एवढ्यानेही बरेच खटले उभे राहतील.

कायद्यात प्रमाणाचा एक हिशोब आहे, तो आमच्या विक्रेत्यांना वकिलांपेक्षा चांगला कळतो. गांजा 1 किलोपर्यंत असला तर ते अल्प प्रमाण, 20 किलोपासून पुढे व्यापारी प्रमाण. चरस 100 ग्रॅमपर्यंत अल्प. एमडीएमए हे रासायनिक नशेचे द्रव्य अर्ध्या ग्रॅमपर्यंत अल्प आणि 10 ग्रॅमपासून व्यापारी. व्यापारी प्रमाणात जामीन कठीण असतो, अल्प प्रमाणात शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची किंवा 10 हजारांपर्यंत दंड, आणि जामीन लगेच. आता 1 किलो गांजाच्या दहा-दहा ग्रॅमच्या शंभर पुड्या होतात. गावात विकणारा अंगावर दहा पुड्यांपेक्षा जास्त ठेवतच नाही. पकडला तरी दोन दिवसांत गॅरेजच्या मागे हजर. म्हणून एकट्या पुडीवाल्याला पकडून फोटो काढण्यात अर्थ नाही. तो माल घाटातून की किनाऱ्यावरून येतो, कोण आणतो, कोणाच्या मागीलदारी उतरतो, हे शोधायला महिना-महिना एका गावावर नजर ठेवणारा माणूस लागतो. केरीच्या आणि मोलेच्या चेकनाक्यावर दिवसभरात किती गाड्या जातात ते तिथे उभ्या राहणाऱ्या शिपायाला विचारा. प्रत्येक डिकी उघडून बघणे शक्य नाही. गाडी कोणती उघडायची हे सांगणारी बातमी गावातूनच येते.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याच लोकांना फारशी ठाऊक नाही. पुड्या पोचवायला आता पंधरा-सोळा वर्षांची मुले वापरतात. शंभर रुपये हातावर ठेवायचे आणि "ही पिशवी अमक्याला देऊन ये" म्हणायचे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 78 प्रमाणे अमली पदार्थ विकायला किंवा पोचवायला मुलाला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला कलम 77 खाली तेवढेच. म्हणजे पुडी पाच ग्रॅमची असली तरी, ती मुलाच्या हातात दिली म्हणून विक्रेत्याला मोठ्या शिक्षेचे कलम लावता येते. हे कलम प्रत्येक वेळी लावा, असे लेखी परिपत्रक आतल्या स्थानकांना गेले पाहिजे. मी हे कलम नोकरी संपताना वाचले, याची मला आजही खंत आहे.

परप्रांतीयांकडे बोट दाखवणारे बरेच भेटतात. ग्रामसभेतही तेच झाले. मी उठून विषय काढला, तर पहिला माणूस म्हणाला, औद्योगिक वसाहतीत भाड्याने राहणाऱ्यांची तपासणी करा. भाडेकरूंची नोंद व्हावी, त्याला माझी हरकत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर स्कूटरवर जे दोघे असतात ते आमच्या गावचे आहेत, त्यांच्या मुंजीचे आणि बारशाचे जेवण मी जेवलो आहे. एकाच्या वडिलांचे दोन ट्रक होते. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. ट्रक अंगणात गंजला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. हे त्याच्या गुन्ह्याचे समर्थन नव्हे. त्याने माझ्या शेजारणीच्या घरात जे केले त्याची शिक्षा त्याला झालीच पाहिजे. पण तो आकाशातून पडलेला नाही. त्या ग्रामसभेत दिव्यांच्या खांबांवर पाऊण तास चर्चा झाली आणि या विषयावर सात मिनिटे. सभा संपल्यावर मात्र चार बाया एकेक करून माझ्याजवळ आल्या. प्रत्येकीने आधी रस्त्याकडे पाहिले.

आता उपचाराचे. त्या मुलाला मी समोर बसवले तेव्हा आधी तो नाही म्हणाला, मग रडला. वर्षभरापासून चालू होते. दारू प्यायलेला घरी आला तर वासाने कळते, आमच्या बायकांना ती परीक्षा पिढ्यान्पिढ्या येते. हे मात्र उशिरा कळते. मुलगा दुपारपर्यंत झोपतो, डोळे लाल, नाटकाच्या तालमीला जायचे सोडले, आजीच्या बटव्यातले पैसे कमी होतात. आई म्हणते मोबाईलमुळे. मी त्याला घेऊन बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, गेलो. गावातून सव्वासहाची बस, वाळपईला बदल, पणजीला बदल, तिथून बांबोळी. तिथल्या डॉक्टर बाईंनी त्याच्याशी चाळीस मिनिटे बोलणे केले, एकदाही आवाज चढवला नाही. म्हणाल्या, गांजाला उतारा म्हणून एखादी गोळी नसते, पहिले दोन आठवडे झोप येणार नाही, चिडचिड होईल, घरच्यांनी सांभाळून घ्या आणि बोलायला येत राहा. त्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण "येत राहा" म्हणजे काय? परत घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पुढच्या वेळी त्याचे वडील गेले, त्यांचा दिवस बुडाला. तिसऱ्या वेळी पावसाने बस चुकली. चौथ्या तारखेला मुलगाच म्हणाला, आता मी बरा आहे. महिन्याने पुन्हा पुड्या सापडल्या.

शिवाय त्या इस्पितळाचे नाव घेतले की गावात कुजबुज सुरू होते. "बांबोळीला कशाला नेला?" लग्नाच्या वयाच्या बहिणी घरात असल्या की आईबाप लपवतात. म्हणून माझे मागणे असे की उपचार आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणा, जिथे माणूस ताप आणि रक्तदाबासाठीही जातो. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एक समुपदेशक तिथे बसला तर आई बाजाराची पिशवी घेऊन मुलाबरोबर जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. हे माझ्या मनचे मांडे नाहीत. माझी मुलगी परिचारिका आहे, तिने मला दाखवले. गोव्यातल्याच संगाथ या संस्थेने आपल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारू अति पिणाऱ्या 377 पुरुषांवर अभ्यास केला, तो 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी असे बोलणे झाले त्यांच्यात 100 पैकी 36 जणांचे पिणे धोक्याच्या खाली आले, नेहमीच्या उपचारात 26 जणांचे. तो अभ्यास दारूचा होता, गांजाचा नव्हे, हे मला समजते. पण माणूस घराजवळ भेटला तर लोक बोलतात, एवढे त्यातून आपल्याच गोव्यात सिद्ध झाले. मग ते सरकारने सगळ्या केंद्रांत कायमचे का नेमू नये?

आणि तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर कायद्यात आहे, पण ते तिला कोणी सांगितले नव्हते. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे, नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. वहिनीला वाटत होते की डॉक्टरकडे गेले तर डॉक्टर पोलिसांना कळवणार आणि मुलाची आयटीआय सुटणार. ह्या एका भीतीने तिने आठ दिवस तो डबा तांदळाच्या पिंपात लपवून ठेवला होता. कलम 64अ चा मराठी आणि कोंकणीत मोठ्या अक्षरांत फलक प्रत्येक आरोग्य केंद्रात, पंचायतीत आणि रेशन दुकानात लावा. त्यावर व्यसनमुक्तीसाठीचा 14446 आणि अमली पदार्थांची माहिती देण्यासाठीचा 1933 हे केंद्र सरकारचे क्रमांक घाला. 1933 वर आपले नाव न सांगता माहिती देता येते. लोकांना हे कळले तर चहाच्या गाड्यावर कोणाला सल्ला ऐकावा लागणार नाही.

15 ऑगस्ट 2020 पासून नशामुक्त भारत अभियान सुरू आहे. 26 जूनला दरवर्षी फेरी निघते. मी स्वतः मुलांबरोबर चाललो आहे. पावसात भिजत, हातात पुठ्ठ्याचे फलक, त्यावरचा रंग ओघळून युनिफॉर्मवर आलेला. मुले मनापासून घोषणा देतात. ती फेरी त्या बंद गॅरेजवरूनच जाते, आणि गॅरेजच्या पायरीवर बसलेला माणूस हात हलवून मुलांना टाटा करतो. फेरी काढू नका असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी फेरीबरोबर चालणारा शिपाई दुसऱ्या दिवशीही त्याच रस्त्यावर दिसायला हवा.

गृहखात्याला, आरोग्यखात्याला आणि आमच्या आमदारांना माझी कळकळीची विनंती आहे. आतल्या तालुक्यांत दोन पंचायतींमागे एक बीट शिपाई द्या, तो शक्यतो त्याच भागातली बोली बोलणारा असू द्या, तीन वर्षे हलवू नका आणि त्याला किनाऱ्याच्या बंदोबस्ताला नेऊ नका. एखादी महिला शिपाई असली तर फारच चांगले, कारण खिसे उलटे करणारी आईच असते आणि ती बाईशी आधी बोलेल. बातमी देणाऱ्याचे नाव स्थानकाबाहेर गेले तर ते ज्याच्याकडून गेले त्याच्यावर कारवाई करा. नुसती बदली करू नका. बदली म्हणजे शिक्षा नव्हे, ती फक्त तोच माणूस दुसऱ्या गावाला देणे आहे.

मुलगा आता पुन्हा बांबोळीला जातो. मी सोबत असतो. निवृत्त माणसाला वेळ असतो, पण माझ्या वाड्यावर त्याच्यासारखी आणखी चार मुले आहेत आणि मी एकटा आहे. येत्या गुरुवारी त्याची पुढची तारीख आहे.

पत्र छापल्यास माझे आणि वाड्याचे नाव छापू नये. मला माझी फिकीर नाही, पण त्या डब्याची गोष्ट कोणाच्या घरातली आहे हे माझ्या नावावरून लगेच ओळखता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार
सत्तरी, गोवा